खरखर शेवटी

चि. ईशान यास,


तू गायलेलं 'स्टेट्सबोरो ब्लूज' दोनदा ऐकलं. सूर पक्के आहेत, गाण्यावरचं प्रेमही कळतं. पण शब्दाशब्दाला घसा आवळून खरखर काढतोयस. ग्रेग ऑलमनसारखा आवाज हवा म्हणून तू तिथूनच सुरुवात केलीस. माझ्या मते ती शिकायची शेवटची गोष्ट आहे.

ग्रेगच्या ऑलमन ब्रदर्स बँडने न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये मार्च १९७१मध्ये हे गाणं वाजवलं, तेव्हा ग्रेग अवघा २३ वर्षांचा होता. पण गाणं त्यांचं नव्हे. जॉर्जियातल्या ब्लाइंड विली मॅकटेल या अंध कृष्णवर्णीय गायकाने ते १९२८मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. ते आधी ऐक. बारा तारांची गिटार आणि स्वच्छ, मोकळा आवाज. खरखर जवळजवळ नाहीच, तरी ते अस्सल ब्लूज आहे! मग ब्लूज नेमका असतो कुठे?

बराचसा गंधारात. तू ख्याल शिकलास, म्हणून त्या भाषेत सांगतो. खाली गिटारच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि गाणारा वर कोमल गंधार लावतो. त्यावर तो ठाम उभा राहत नाही. शुद्धाकडे किंचित सरकतो, पण पोचत नाही. त्या घासण्यातच सगळी गोडी आहे. पेटीवर हे सापडणार नाही. ग्रेगचा भाऊ ड्युएन ऑलमन बोटात औषधाची काचेची बाटली घालून स्लाइड वाजवायचा, त्याच्याबरोबर गाऊन बघ. मींड तुझ्या गळ्यात आहेच.

दुसरं म्हणजे जागा. बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा हा साचा; चार-चार बारच्या तीन ओळी. आवाज साधारण अर्धी ओळ घेतो, उरलेल्या अर्ध्या ओळीत गिटार उत्तर देते. तू ती जागा हरकतींनी भरून टाकलीस. तिथे गप्प राहा. शब्दही ठेक्याच्या अगदी तोंडावर टाकू नकोस, जरा मागे रेलून येऊ दे. यासाठी लिनर्ड स्किनर्ड बँडचा गायक रॉनी व्हॅन झँट ऐक. तो समोर बसून गोष्ट सांगितल्यासारखा गातो.

आता खरखरीबद्दल. ग्रेगचा आवडता गायक बॉबी 'ब्लू' ब्लँड. त्याची ती प्रसिद्ध घोगरी किंकाळी त्याने रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन, म्हणजे अरीथा फ्रँकलिनचे वडील, यांच्या प्रवचनांतून उचलली. प्रवचनकार बोलत बोलत चढत जातो आणि शब्द आवरेनासे झाले की आवाज फाटतो. ब्लँड एरवी मखमलीसारखा गातो, म्हणूनच ती किंकाळी अंगावर येते. पहिल्या शब्दापासून घोगरा गाणाऱ्याकडे चढायला काही उरतच नाही.

तेव्हा सध्या हे गाणं साफ गळ्याने, दोन स्वर खाली घेऊन गा. श्वास पोटातून घे. घसा जळजळला किंवा दुखला की त्या दिवशी गाणं बंद. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर घरगुती काढे करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

पुढच्या वेळी मॅकटेलची चाल साफ गळ्याने गाऊन पाठव. ग्रेगचं नंतर बघू.

तुझा,
मामा