एका हंसराजाची चोरी

यंदा श्रावणात माथेरानला गेलो असताना मी एक चोरी केली. चोरी लहानशीच, पण मन पुन्हा पुन्हा तिच्यापाशी जाते, म्हणून वाचकांपुढे कबुली देतो.

पाऊस नुकताच थांबला होता. लाल मातीच्या वाटेच्या एका अंगाला जांभ्या दगडाची ओली दरड. तिच्यावर शेवाळाची मऊ बैठक आणि त्या बैठकीवर नाना जातींचे नेचे दाटीने बसलेले. कुणाची पाने करवतीसारखी, कुणाची पाठ रुपेरी. तसले एक पान नातवाच्या मनगटावर दाबले, तर पांढरी नक्षी उमटली! वर फांदीवर बाशिंग होते. त्याची बुडाशी असलेली पाने वाळून तपकिरी होतात, पण गळत नाहीत; पालापाचोळा अडवून मुळांना ओल पुरवतात. (घरात म्हाताऱ्यांचे काम काय, असे विचारणाऱ्यांनी ती एकदा पाहावीत.)

आणि दरडीच्या कपारीत हंसराज. काळे, तारेसारखे देठ, त्यांवर पंख्याच्या आकाराची हिरवी पाने. मला मोह आवरेना. काठीने मुळासकट उकरला.

"आजोबा, ते कुणाचं आहे?" नातवाने विचारले.

"कुणाचंच नाही रे. इथं शेकडो आहेत. एकानं काय होतंय?"

नेरळला उतरेपर्यंत हे उत्तर मला टोचू लागले. कुणाचे नाही म्हणून माझे, हे तर्कशास्त्र कुठले? आणि 'एकाने काय होते' असे तर माझ्यामागून येणारा प्रत्येक जण म्हणेल. गेल्याच्या आदल्या शतकात इंग्लंडात नेच्यांचे असेच वेड पसरले होते. चार्ल्स किंग्जलीने १८५५ साली त्या वेडाला नावही दिले. हौशी मंडळींनी राने धुंडाळली आणि काही दुर्मिळ जाती कित्येक ठिकाणांहून नाहीशा केल्या. त्यांचे नेच्यांवर प्रेमच होते!

पुण्याला कुंडीत लावला, दोन वेळा पाणी घातले. पंधरा दिवसांत पाने करपली.

"अहो, झाड आणलंत, ती दरड कुठं आणलीत?" सौभाग्यवती म्हणाल्या.

खरेच आहे. नेच्याला ना फूल, ना बी. हंसराजाच्या पानाची कड मागे दुमडलेली असते, तिच्याखालून बारीक बीजाणू वाऱ्यावर जातात. ते रुजले तरी पुढचे मीलन व्हायला पाण्याचा पातळ थर लागतोच. ओल हाच त्याचा संसार. पावसाळा सरल्यावर हंसराज तसाही वाळतो, मूळ जिवंत राहते, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण हे वाळणे भर पावसाळ्यातले होते.

दिवाळीला नातू येणार आहे. आल्या आल्या तो गच्चीकडे धावेल. हंसराज मेला म्हणायचे, की मी मारला म्हणायचे, ते अजून ठरत नाही. कुंडी मात्र जागची हलवलेली नाही.