कोरे पत्र, महाग मिनिट

चांगदेवांना मायनाच सुचेना. ज्ञानेश्वर वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर समोर पोरसवदा मुलगा. शेवटी त्यांनी कोराच कागद धाडला, अशी कथा वारकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शेकडो वर्षे जगून हा योगी कोरा तो कोराच राहिला, असा टोमणा ज्ञानेश्वरांच्या बहिणीने, मुक्ताबाईने मारला. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले; तीच ‘चांगदेव पासष्टी’. या चांगदेवांची समाधी अहिल्यानगर जिल्ह्यात, राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याला गोदाकाठी आहे.

कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती, हे अभ्यासकांवर सोपवू. पण कोऱ्या पत्राला उत्तर आले, म्हणजे पलीकडे काहीतरी पोचले होते. लांबच्या माणसाशी बोलताना नेमके पोचते काय? शब्द, की आणखी काही? या प्रश्नावर मीमांसकांनी आणि वैयाकरणांनी ग्रंथ लिहिले. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूरच्या ज्या घरांतली मुले नोकरीधंद्यासाठी परदेशी गेली, त्या घरांनी तोच प्रश्न ग्रंथ न उघडता सोडवला. कारण त्यांच्यासमोर बिल होते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारतातून अमेरिकेला फोन लावायचा तर मिनिटाला साठ रुपयांच्या घरात पैसे पडत. विदेश संचार निगम ही १९८६ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी, आणि परदेशी फोनची सगळी मक्तेदारी तिच्याकडे. परदेशी फोनवर कमवायचे आणि गावातला फोन स्वस्त ठेवायचा, असे एकूण धोरण. त्यामुळे इकडून तिकडे बोलण्यापेक्षा तिकडून इकडे बोलणे पुष्कळ स्वस्त होते. लोकांनी यावर तोडगा काढला: ठरल्या वेळी इकडून रिंग द्यायची आणि पलीकडे उचलण्याआधी ठेवून द्यायची. मुलगा समजायचा आणि उलट फोन करायचा. हीच युक्ती संगणकाला शिकवून काही अमेरिकी कंपन्यांनी ‘कॉलबॅक’ नावाचा जगभर धंदा मांडला, आणि महसूल बुडतो म्हणून भारतासह अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. इंटरनेटवरून फोन करणेही आपल्याकडे १ एप्रिल २००२ पर्यंत बेकायदाच होते.

ज्यांच्या घरी फोन नव्हता, त्यांना एसटीडी-पीसीओ. पिवळी पाटी, काचेचे दार, आत फळीवर फोन आणि डोक्याशी लाल आकड्यांचे मीटर. आई रिसीव्हर धरून बोलते आहे, शेजारी बाप टाचा उंचावून मीटर बघतो आहे, हे दृश्य त्या काळी कुठल्याही तालुक्याच्या गावात दिसे. परदेशातल्या मुलाकडे कॉलिंग कार्ड असे. नाण्याने त्यावरची रुपेरी पट्टी खरवडायची, आधी एक नंबर फिरवायचा, मग लांबलचक पिन, मग भारताचा ९१, मग गावाचा कोड. मध्येच एक यांत्रिक बाई इतकी मिनिटे उरली म्हणून सांगणार. कार्डावर छापलेली मिनिटे आणि प्रत्यक्ष मिळणारी मिनिटे यांचा मेळ सहसा बसत नसे, कारण जोडणीचे शुल्क बारीक अक्षरांत असे. लाइन तुटली की पुन्हा शुल्क. मग स्वस्त कार्ड कुठल्या दुकानात मिळते, कोणत्या कार्डाचा आवाज खरखरतो, ही माहिती मित्रमंडळींत प्रसादासारखी वाटली जाई.

आणि एवढा खटाटोप करून बोलायचे काय? ‘जेवलास का?’ ‘पाऊस झाला का?’ ‘तब्येत बरी आहे ना?’ ‘बरं, ठेवू?’

अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हा वेडेपणा. मिनिटाला साठ रुपये मोजून, बातमी म्हणावी अशी एकही गोष्ट नाही. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की याने मात्र १९२३ मध्येच अशा बोलण्याची दखल घेतली होती. हवापाणी, ख्यालीखुशाली यांसारखे बोलणे माहिती देण्यासाठी नसतेच, ते नाते बांधून ठेवण्यासाठी असते, असे त्याचे म्हणणे. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर आईला आधीच ठाऊक असते. त्या अर्थी तो प्रश्नही कोराच कागद. पाठवला गेला, हाच त्यातला मजकूर.

मग पाठवला गेला हे खरे कशावरून मानायचे? महागाईच्या काळात याचे उत्तर सोपे होते. मीटरवरचे आकडे साक्षीला होते. मुलाने पोटाला चिमटा घेऊन कार्ड विकत घेतले, रात्र जागून नंबर लावला. खर्च हाच पुरावा होता. पुढे २००३ मध्ये स्काइप आले, २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला, २०१६ मध्ये चित्र आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओने डेटाचे दर पाडले. मिनिटाची किंमत शून्यावर आली. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल अजून बंद असतात, तिथे परवानाधारक अ‍ॅप वापरावे लागते. पण एरवी फोन फुकट झाला. आता आई स्टँडवर ठेवलेल्या मोबाइलसमोर भाजी निवडते, मुलगा तिकडे लॅपटॉपवर काम करतो, आणि दोघे तासभर ‘बोलत’ असतात. साक्षीदार मीटर गेले. पुरावा आता कशाचा?

या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. नेवाशाला पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, ती शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये पुरी झाली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात: अवधान. दक्षिणा नाही, मान नाही, फक्त लक्ष. ते मिळाले तर पुढचे सगळे सुख श्रोत्याच्या पदरात पडेल, असा त्यांचा भरवसा. मानसपूजेमागेही हाच विचार आहे. फूल, दिवा, नैवेद्य काहीही हाताशी नसताना मनातल्या मनात केलेली पूजा आपल्या परंपरेने पूर्ण पूजा मानली. सामग्री वगळली, अवधान वगळले नाही.

शिर्डीत हा हिशेब रोज मांडला जातो. साईसंस्थान समाधी मंदिरातले दर्शन इंटरनेटवर थेट दाखवते. पहाटेची काकड आरती न्यू जर्सीतल्या घरात आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सुरू होते, स्वयंपाकाच्या वेळेला. ना तिकीट, ना रांग. तरीही माणसे विमानाने येतात आणि तासन्‌तास रांगेत उभी राहतात. रांग सोसणे हा त्यांच्या लेखी दर्शनाचाच भाग असतो, कारण तेवढा वेळ दुसरे काही करता येत नाही. पडद्यावरच्या दर्शनात दुसरे सगळे करता येते. म्हणून पडद्यापुढे बसलेल्याला रांगेतल्यापेक्षा जास्त कष्टाने मन आवरावे लागते. जी किंमत बाहेरून वसूल होत होती, ती त्याने आतून द्यायची.

याच जिल्ह्यातल्या एका माणसाने शब्दांचा हिशेब पार उलट्या टोकाने मांडला. पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, म्हणजे मेहेरबाबा, यांनी १० जुलै १९२५ रोजी अरणगावजवळच्या मेहेराबादला मौन धरले. ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझादला देह ठेवला तोवर, साडेत्रेचाळीस वर्षे, ते बोलले नाहीत. पुढे लिहिणेही सोडले. इंग्रजी मुळाक्षरांच्या फळीवर बोट फिरवायचे आणि शेजारी बसलेला मोठ्याने वाचायचा. शब्द पुष्कळ देऊन झाले, आता ते जगायचे आहेत, असा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता.

गंमत अशी, की तो काळ देशाचा आवाज परदेशी पोचवण्याच्या धडपडीचा होता. मेहेराबादच्या मधून जाणारा लोहमार्ग ज्या दौंडला जातो, तिथल्या आणि खडकीच्या बिनतारी केंद्रांमुळे २३ जुलै १९२७ रोजी भारत-इंग्लंड संदेशसेवा सुरू झाली. १९३३ मध्ये दोन्ही देशांत रेडिओवरून फोन लागू लागला. पुढे १९७१ मध्ये जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला, उपग्रहाचे भूकेंद्र उभे राहिले. त्या शर्यतीच्या ऐन मध्यावर एक माणूस गप्प बसला होता, आणि त्याला भेटायला युरोप-अमेरिकेतून माणसे येत होती. १९३१ मध्ये ते ‘राजपुताना’ जहाजाने इंग्लंडला गेले तेव्हा गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी त्याच जहाजावर होते; दोघांच्या भेटी झाल्या, संभाषण फळीवरून. पुढच्या वर्षी जुलैत हॉलिवुड बोलमध्ये मौन सोडून रेडिओवरून जगाशी बोलणार, असे जाहीर झाले होते. ठरल्या दिवसाआधीच ते अमेरिका सोडून चीनकडे निघाले. कार्यक्रम रद्द झाला.

यावर आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. मौन हे गुरूला परवडते. त्याच्याभोवती फळी वाचणारे असतात. दुबईत बांधकामावर राबणाऱ्या मुलाची आई मौनातून काय समजणार? तिला आवाजच हवा, त्यावरूनच त्याला सर्दी झाली की तो रडला, हे तिला कळते. स्वस्त फोनने तिला दिलेले सुख कुठल्याही तत्त्वज्ञानाने उणे करता येणार नाही. पण तिला जे कळते ते मुलाच्या शब्दांतून कळत नाही, हेही तितकेच खरे. ‘मी मजेत आहे’ असे तो म्हणतो, आणि ती नेमके उलटे ऐकते. इथे ती माउली आणि कोऱ्या पत्राला ओव्या लिहिणारे ज्ञानेश्वर एकाच बाजूला उभे आहेत.

मेहेरबाबांचे अनुयायी आजही १० जुलैला चोवीस तास मौन पाळतात. मोबाइलच्या काळात त्यात नवा पेच आहे. तोंड बंद, अंगठा चालू, तर मौन मोडले का? नाही म्हणणाऱ्याला बाबांच्या फळीचा दाखला देता येतो. हो म्हणणाऱ्याला त्याहून पक्का दाखला आहे: १९५४ मध्ये बाबांनी ती फळीही बाजूला सारली आणि पुढे नुसत्या हातवाऱ्यांवर भागवले. आणि त्याच दिवशी परदेशातल्या मुलाचा फोन आला तर? उचलायचा, ऐकायचे, हुंकारही द्यायचा नाही. मुलाला आधी सांगून ठेवले असेल तर तो मनातले सगळे बोलून घेईल. नसेल, तर ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये’ म्हणत ठेवून देईल आणि लगेच पुन्हा लावील. आता काय, फुकटच आहे.