कोरफड आणि करुणा

कोरफडीवर दया करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. झाडांना जाणीव असते का, याची चर्चा महाभारताच्या शांतिपर्वातील भृगू-भरद्वाज संवादात आहे. उष्णतेने पाने कोमेजतात, वेल आधाराला विळखा घालते. म्हणून झाडालाही इंद्रिये आहेत, असे भृगूंचे म्हणणे. जैन परंपरा वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानते. त्याला फक्त स्पर्श कळतो.

जीव मानला की जबाबदारी आलीच. पण ही जबाबदारी देणाऱ्याच्या मायेवरून नव्हे, घेणाऱ्याच्या स्वभावावरून ठरायला हवी. घरातली कोरफड मरते ती बहुधा मायेनेच. तिची पर्णरंध्रे रात्री उघडतात, पाणी पानांच्या गरात साठते. रोज पाणी घातले की मुळे कुजतात, बुंधा बोटाला मऊ लागतो. तिला हवी उन्हाची खिडकी, तळाला भोक असलेली कुंडी, भरपूर वाळू, आणि माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. सावलीतून उन्हात मात्र हळूहळू न्यावी. एकदम नेली तर पाने तांबूस पडतात.

दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीवाचूनही दीर्घकाळ हिरवी राहते. ती सोसते, पण म्हणून ते तिला मानवते असे नव्हे. साठवलेले पाणी खर्चत तिची जुनी पाने एकेक करून सुरकुततात.