निमित्ताविना नटणे

लग्नात केलेला शृंगार कुणाला खटकत नाही. आठवडी बाजाराला जाताना केलेला खटकतो. आमच्या गेवराईत एखादीने जुन्या बोलपटांतल्या नायिकेसारखे केस वळवले, ओठांना दिवसभर टिकणारी लाली लावली, की पहिला प्रश्न येतो, "आज काय विशेष?" नटायला निमित्त हवेच का?

वास्तविक रोज नटणे आपल्याला नवे नाही. आपल्या आज्या अंबाडा घालून, कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवीत; ते दिवसभर हलत नसे. टिकाऊ लालीतही पातळ द्रव्य उडून जाते आणि रंगाचा पापुद्रा तेवढा ओठांवर राहतो. रंग तोच, टिकवण्याची हौस तीच. मग कपाळावरचा लाल सोज्ज्वळ आणि ओठांवरचा उच्छृंखल का?

कारण कुंकू नवऱ्याच्या नावाचे. तो गेला की ते पुसायचे. एके काळी केसही उतरवायचे. त्या केशवपनाविरुद्ध १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी संप केला. कुंकू पुसण्याची चाल बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने केला, तो मे २०२२ मध्ये!

दुसऱ्याच्या नावाने मिळालेला शृंगार त्याच्याबरोबरच जातो. स्वतःच्या हौसेचा कुणी पुसू शकत नाही. लाली लावली म्हणजे बाई स्वतंत्र झाली, असे नव्हे; न लावणारीही तितकीच स्वतंत्र असू शकते. प्रश्न एवढाच, की ठरवले कुणी?

या दिवाळीत घरातल्या विधवा आत्याला, मावशीला गजरा देताना आपला हात अडखळतो का, तेवढे प्रत्येकाने पाहावे.