अंतर आणि सबब

करोंदपासून राजा भोज विमानतळ फार दूर नाही. तेथून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ६६० किलोमीटर, आणि वेळापत्रकात प्रवासाचा काळ साधारण दीड तास. आगगाडीला याच प्रवासासाठी अख्खी रात्र लागते. १७३७ साली पुण्याहून भोपाळवर चालून आलेल्या बाजीराव पेशव्यांच्या फौजेला कित्येक आठवडे लागले होते. अंतर तेच राहिले, काळ मात्र आटला.

मग कर्तव्याचे मापही बदलते काय? आपल्या पूर्वजांना देशावरच्या आप्ताच्या आजारपणाची वार्ताच उशिरा कळे. न पोहोचणाऱ्यास कोणी दोष देत नसे. त्याच्या वतीने अंतरच बोलत असे. आज ती सबब उरली नाही. भाडे, रजा, प्रकृती ही कारणे खरी आहेत, परंतु ती अंतराच्या नावावर खपविता येत नाहीत. न जाणे हा आता आपला निर्णय ठरतो.

मात्र सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यानेही आपले कर्तव्य पुरे झाले असे मानू नये. विमान पोहोचण्याचा वेळ वाचविते. तो वाचलेला वेळ रुग्णाच्या उशाशी घालवावा की नाही, हे आपणच ठरवायचे असते.