पाहुणा, यजमान आणि गाडीवाला

माझे एक जुने स्नेही आहेत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आम्हा दोघांचे आयुष्य गेले आणि जवळपास प्रत्येक प्रश्नावर आम्ही भांडत आलो. २०२१ साली कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना त्यांनी एका नियतकालिकात लेख लिहिला. एप्रिलमध्ये इथे ऑक्सिजनसाठी माणसे रात्र रात्र धावत होती, तेव्हा मालदीवच्या किनाऱ्यावरून छायाचित्रे टाकणाऱ्या नटनट्यांवर आपण सगळे तुटून पडलो होतो. तो संताप म्हणजे नीतीचा अंगरखा घातलेला मत्सर, असे त्यांचे म्हणणे. जाणाऱ्याने चाचणी करून घेतली, यजमान देशाने त्याला येऊ दिले, तिकीट उघडपणे विकले गेले. त्याने कुणाच्या वाटणीची खाट अडवली नाही. उलट तो इथे नसल्याने एक खाट मोकळीच राहिली. मग गुन्हा कोणता?

लेख वाचून मी चिडलो. त्याहून जास्त चिडलो ते उत्तर सुचेना म्हणून. पुढे पाच महिने तो लेख माझ्या टेबलावर पडून होता.

सुरुवातीला मला जे उत्तर सुचले ते तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी होते: रोग आणला पासपोर्टवाल्यांनी, भोगला रेशनकार्डवाल्यांनी. हे वाक्य मीही भाषणात वापरले आहे आणि त्यावर टाळ्या मिळवल्या आहेत. आता ते मला तसेच्या तसे उच्चारवत नाही. कारण ते म्हणताना मला पुण्यातली २०२० सालची होळी आठवते. त्या दिवशी, ९ मार्चला, महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण सापडले. चाळीसेक जणांच्या गटाबरोबर दुबईची सहल करून आलेले ते दांपत्य होते. दुबईला जायला तेव्हा कसलीही बंदी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने ‘जागतिक महासाथ’ हा शब्दसुद्धा अजून उच्चारला नव्हता, तो दोन दिवसांनी, ११ मार्चला उच्चारला. तरीही त्यांची नावे फोनाफोनी फिरली आणि सारे शहर त्या कुटुंबाकडे बोट दाखवू लागले. गुढीपाडव्याला, २५ मार्चला, ते दोघे नायडू रुग्णालयातून बरे होऊन घरी गेले, पण शहराने त्यांच्यावर मारलेला शिक्का तेव्हाही पुसला गेला नव्हता.

त्या दिवसांत लोकांच्या बोलण्यात मला एक फार जुना सूर ऐकू येत होता. समुद्र ओलांडलेला माणूस बाटतो, त्याने प्रायश्चित्त घ्यावे, तोवर त्याच्या पंक्तीला बसू नये. सिंधुबंदी आपल्याकडे शतकानुशतके होती. डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी यांना २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, भरसभेत उभे राहून आपण का जातो आहोत याची कारणे द्यावी लागली; बहिष्काराच्या प्रश्नालाही उत्तर द्यावे लागले. त्या वेळी त्या पुरत्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. परदेशी जाणाऱ्याने आधी जातीला कारण सांगावे, ही अपेक्षा ज्या समाजात इतकी मुरली आहे, त्याने २०२० साली विमानातून उतरलेल्या माणसाला ‘बाटलेला’ मानले, यात नवल नाही. म्हणून मित्राचे पहिले म्हणणे मी मान्य करतो. आपल्या संतापात मत्सर होता आणि मत्सराहून जुनी अशी सोवळ्याची भावनाही होती.

पण ते वजा केल्यावर खाली काहीच उरत नाही, हे मात्र मला मान्य नाही. जे उरते ते शोधायला मी कांटकडे गेलो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट क्योनिग्सबर्गच्या परिसराबाहेर फारसा कधी गेला नाही. पण या बंदराच्या शहरात राहून त्याने चाळीसेक वर्षे भूगोल शिकवला. १७९५ साली चिरशांतीवर त्याने जो छोटा ग्रंथ लिहिला, त्यात परक्या माणसाच्या हक्कावर एक कलम आहे. मी ते वर्गात पंचवीस वर्षे शिकवले आणि आता वाटते, साथ येईपर्यंत ते मला कळलेच नव्हते. कांट म्हणतो, पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे. माणसे अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, त्यांना कधीतरी एकमेकांच्या दाराशी यावेच लागणार. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याच्या भूमीवर जाऊन उभे राहण्याचा, ओळख मागण्याचा, शत्रू म्हणून न वागवले जाण्याचा हक्क आहे. हा हक्क भेटीचा आहे, पाहुणा म्हणून राहून घेण्याचा नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार हवा. यजमान परक्याला परत पाठवू शकतो, मात्र एका अटीवर: परत पाठवल्याने त्या माणसाचा नाश होता कामा नये.

याच पानांवर कांट युरोपीय लोकांवर कडाडतो. त्यांच्या लेखी भेट देणे म्हणजे जिंकणे. हिंदुस्थानात व्यापारी ठाणी घालण्याच्या बहाण्याने त्यांनी परके सैन्य आणले, असे तो स्पष्ट लिहितो. अशा पाहुण्यांचा अनुभव घेतलेल्या चीन आणि जपानने दारे अर्धवट लावली, जपानने तर फक्त डचांना येऊ दिले आणि तेही जवळजवळ कैद्यासारखे ठेवून, हे त्याला शहाणपणाचे वाटते. जगभर संचाराचा हक्क सांगणारा माणूसच दार लावणाऱ्याची बाजू घेतो, ही मला पूर्वी विसंगती वाटायची. आता वाटत नाही. दाराशी आलेल्याला आत घ्यायचे की नाही हे ठरवताना तो एकच गोष्ट विचारतो: नाही म्हटले तर या माणसाचे काय होईल?

हा प्रश्न घेऊन २०२० कडे पाहू. ८ मे या एका तारखेला दोन गोष्टी घडल्या. पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरांकडे पायी निघाले होते. त्याच दिवशी मालदीवमधल्या मालेच्या बंदरातून नौदलाची ‘जलाश्व’ ही नौका ६९८ भारतीयांना घेऊन कोचीकडे निघाली. त्यांत काम सुटलेले कामगार होते, गरोदर बाया होत्या. त्यांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली होती, आणि उतरल्यावर पुन्हा विलगीकरणात राहायचे हेही त्यांनी मुकाट्याने स्वीकारले होते. ‘नाही’ म्हटल्याने ज्यांचा नाश होणार होता अशी ही माणसे. त्यांच्यासाठीच दारे इतके आठवडे बंद राहिली. करमाडच्या सोळांसाठी तर उघडलीच नाहीत, आणि ती दारे त्यांच्या स्वतःच्या देशातली होती. मालदीवने पर्यटकांसाठी १५ जुलैला सीमा खुल्या केल्या. ऑगस्टमध्ये भारताशी ‘एअर बबल’, म्हणजे दोन देशांपुरती खास विमानसेवा, सुरू झाली, आणि त्या वर्षी तिथे गेलेल्या पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. ज्याला परत पाठवले असते तरी चार दिवसांच्या विरंगुळ्यापलीकडे काही बुडाले नसते, त्याच्यासाठी मात्र दार आपणहून उघडले. हा न्याय उलटा आहे, आणि मित्राच्या ‘गुन्हा कोणता?’ या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर हेच.

माझा हा लेख मी इथवर २०२१ च्या मे महिन्यातच लिहिला होता आणि तो संपला असे समजत होतो. पण मग मी मालदीवचे आकडे पाहिले. पाच लाखांच्या आसपास लोकवस्तीचा देश. २०१९ साली तिथे सतरा लाख पर्यटक आले. शेती जवळजवळ नाही, मासेमारी आणि पर्यटन एवढाच आधार. पर्यटक थांबले तर तिथल्या खानसाम्याचे, नावाड्याचे, बांगलादेशातून आलेल्या मजुराचे काय होईल? ‘जलाश्व’वर चढलेले आपले लोकही त्याच कारणाने बेकार झाले होते. कांटचा प्रश्न यजमानालाही विचारावा लागतो: पाहुणा आला नाही तर त्याचा नाश होईल का? मालदीवपुरते उत्तर होय, बऱ्याच अंशी होईल, असेच आहे. एका बेटावर एकच हॉटेल ही तिथली रचना साथीत एरवीपेक्षा सुरक्षित होती, आणि दार उघडण्याचा निर्णय त्यांच्याच सरकारचा होता. पुण्यात बसून मी त्यांच्या वतीने ‘नको’ म्हणणे हा आगाऊपणा झाला. इथे मित्र जिंकले आहेत, आणि हे मी त्यांना फोन करून सांगितलेही.

त्यांना सांगितली नाही ती गोष्ट इथे लिहितो.

२२ डिसेंबर २०२० पासून युरोप आणि आखातातून मुंबईला उतरणाऱ्यांना चौदा दिवस संस्थात्मक विलगीकरणात राहणे राज्य सरकारने सक्तीचे केले. माझा पुतण्या मित्रांबरोबर नव्या वर्षासाठी दुबईला गेला होता. चौदा दिवसांची रजा त्याच्याकडे नव्हती. तो दुसऱ्या राज्यातल्या विमानतळावर उतरला, तिथून भाड्याची गाडी करून रात्रभर प्रवास करत पुण्याला आला आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवायला बसला. त्याने हे सगळे हसत सांगितले. मला ते बरोबर वाटले नाही, पण पोराला नव्या वर्षात काय बोलायचे म्हणून मी गप्प राहिलो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी त्याला आग्रहाने पुरणपोळी वाढली. आठ-दहा दिवसांनी मावशींना ताप आला. अकरा दिवस त्या रुग्णालयात होत्या. बऱ्या झाल्या, पण जिना चढताना आजही मध्ये थांबतात.

त्यांना संसर्ग माझ्या पुतण्यापासून झाला असे मी म्हणू शकत नाही. त्याने चाचणीच करून घेतली नाही. त्या बसने येत होत्या, आणखी दोन घरी कामाला जात होत्या, त्यांच्या वस्तीत नळावर गर्दी असते. साखळी कुठेही सुरू झालेली असू शकते. या न कळण्याचाच आधार घेऊन आमच्या घरातले सगळे निवांत झाले, मीही झालो. त्या भाड्याच्या गाडीचा चालक रात्रभर बंद काचांच्या गाडीत तीन प्रवाशांबरोबर होता. त्याचे पुढे काय झाले, हे आमच्यापैकी कुणी विचारले नाही. त्याचे नावही आम्हाला माहीत नाही.

मग मला होळीचा दिवस पुन्हा आठवला. दुबईहून आलेल्या त्या दांपत्यापाठोपाठ जे बाधित आढळले, त्यांत मुंबई विमानतळावरून त्यांना पुण्याला आणणारा टॅक्सीचालक होता. आणि त्या होळीच्या दोनच दिवस आधी, ७ मार्चला, मालदीवमधले पहिले दोन रुग्ण सापडले होते. ते दोघे कुरेदू बेटावरच्या हॉटेलातले कर्मचारी होते. तिथे राहून गेलेल्या एका इटालियन पर्यटकाला मायदेशी परतल्यावर कोरोना झाल्याचे कळले होते. म्हणजे दोन्हीकडे सहलीच्या मागोमाग लगेच सापडला तो सहलीला न गेलेला माणूस.

कांटच्या कलमात दोनच माणसे आहेत, दाराशी आलेला आणि दार उघडणारा. दोघांची संमती झाली की भेट न्याय्य. माझ्या मित्राचा सगळा युक्तिवाद याच दोघांवर उभा आहे: पर्यटकाची इच्छा, यजमानाची परवानगी. साथीने तिसरा माणूस पुढे आणला. त्याने कुणाला बोलावले नाही, तो कुठे गेला नाही, त्याला कुणी विचारले नाही. सामान डिकीत ठेवले आणि गाडी सुरू केली. ‘खाट कुणाची अडवली?’ या मित्राच्या प्रश्नात हा माणूस येतच नाही. मालदीवमध्ये मे २०२१ मध्ये साथ भडकली आणि लोकसंख्येच्या मानाने तो देश जगात सर्वाधिक बाधित देशांपैकी एक झाला, तेव्हा तिचा भार हॉटेलांच्या बेटांपेक्षा दाटीवाटीच्या माले शहरावर अधिक पडला. १३ मेपासून त्यांनी भारतासह दक्षिण आशियातल्या पर्यटकांना दार लावले. त्या नकाराने एकाही पर्यटकाचा नाश झाला नाही.

मग करायचे काय? सगळी दारे बंद? याचे उत्तर कांटच्या कितीतरी आधी, १३७७ साली, एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा या व्यापारी शहराने दिले होते. आजचे ते दुब्रोव्हनिक. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना त्यांनी परत हाकलले नाही आणि थेट आतही घेतले नाही. महिनाभर वेशीबाहेर, जवळच्या बेटावर थांबा, मग या, असे सांगितले. पुढे महिन्याचे चाळीस दिवस झाले आणि त्या चाळिसावरूनच क्वारंटाइन हा शब्द आला. समुद्रावर पोट असलेल्या शहराला बंदर बंद करणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी येणाऱ्याकडून वेळ मागितला. साथीच्या काळात प्रवासाची खरी किंमत तिकिटाची नसते, या थांबण्याची असते. ती प्रवाशाने भरली नाही तर ती माफ होत नाही. ती गाडीवाल्याच्या आणि मावशींच्या वाट्याला जाते.

आता माझे म्हणणे असे आहे. महासाथीत परदेशी सहलीला जाणे मुळातच पाप नाही. परतल्यावर चौदा दिवस एकट्याने काढायची तयारी ठेवून जो मालदीवला गेला, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याने त्या बेटावरच्या माणसांना कामही दिले. पण चार रात्रींच्या सहलीसाठी चौदा दिवस कोण थांबणार? ‘जलाश्व’वरचे लोक थांबले, कारण घरी पोचणे त्यांना तेवढ्या मोलाचे होते. आपली सहल आपल्याला किती मोलाची आहे, हे चौदा दिवसांच्या काट्यावर तोलून पाहायची सोय प्रत्येक जाणाऱ्याला होती. माझ्या पुतण्याने तो काटा टाळण्यासाठी विमानतळ बदलला, आणि मी त्याला जेवायला वाढले.

२०२१ च्या दिवाळीआधी त्याचा फोन आला. दुबईत १ ऑक्टोबरपासून एक्स्पो सुरू झाला आहे, दिवाळीच्या सुट्टीत चाललो आहे, काका, काही आणायचे का? लशीचे दोन्ही डोस झालेत, हे त्याने मी विचारायच्या आत सांगितले. जाऊ नकोस असे मी म्हटले नाही. परत आल्यावर मुंबईहून पुण्याला कसा येणार आहेस, एवढेच विचारले. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “तुमच्या मावशी कशा आहेत आता?”