गणवेशाची अमानत



पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील आपल्या कुटुंबांत मुलाच्या रोजीचा विचार सुरू झाला, की वाटा जवळपास ठरलेल्या असतात : कंपनीतील नोकरी, वर्कशॉप, भंगाराचा किंवा वाहतुकीचा धंदा. एखाद्याने ‘अग्निशमन दलात जातो’ किंवा ‘पोलीस भरतीची तयारी करतो’ म्हटले, तर आईच्या पोटात गोळा येतो आणि वडील गप्प होतात. एका वाटेत जिवाचा धोका, दुसरीत ईमानाचा, असा हिशेब त्या मौनामागे असतो. हा हिशेब खोटा नाही. मात्र तो अपुरा आहे.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली. पोटासाठी राबणाऱ्या कामगारांचा, त्यांत बहुतांश स्त्रियांचा, बळी गेला. अशा वेळी धुरात कोणाला तरी शिरावेच लागते. एक जीव वाचविणे म्हणजे जणू सारी मानवजात वाचविणे, अशी शिकवण सूरह माइदाच्या ३२व्या आयतीत आहे. नमाज पढणाऱ्यासमोर कोणी बुडत किंवा जळत असेल आणि त्याला वाचविणे शक्य असेल, तर नमाज मोडून धावले पाहिजे, असे आपल्या फुकहांनी सांगितले आहे. नमाज पुन्हा अदा करता येते. गेलेला जीव परत येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की स्वतःला विनाशात लोटण्यास कुरआननेच मनाई केली आहे. खरे आहे. म्हणूनच प्रशिक्षणाविना, साधनांविना आगीत उडी घेणे हे शौर्य नव्हे. परंतु शिकलेला जवान श्वसनयंत्र लावून, सहकाऱ्यांसह, आदेशाने आत जातो, तेव्हा तो विनाशाला नव्हे, कर्तव्याला सामोरा जात असतो. धोका तरीही शून्य होत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. आगीत मरण आलेल्या मोमिनाची गणना हदीसमध्ये शहिदांत केली आहे. पण ती आईची दिलासा देणारी आशा आहे, निष्काळजीपणाचा परवाना नव्हे.

पोलीस खात्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. १५ ऑगस्ट २०१८ पासून आपल्या शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. चाकणही त्याच्याच हद्दीत येते. त्या गणवेशाबरोबर अधिकार येतो आणि अधिकाराबरोबर लाच, दबाव व पक्षपात यांची परीक्षा येते. मग दूर राहणेच बरे का? हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या बादशहाकडे खजिन्याची जबाबदारी स्वतःहून मागितली. उलट हजरत अबू जर (रजि.) यांच्यासारख्या परहेजगार सहाबींना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पदापासून दूर राहण्यास सांगितले, कारण ते त्या कामासाठी दुर्बल होते आणि पद ही अमानत आहे. म्हणजे नेकी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही, क्षमताही हवी.

म्हणून पालकांनो, मुलाला भीती घालण्याऐवजी प्रश्न विचारा. बहिणीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर असताना समोर ठेवलेले पाकीट तू परत करशील का? अन्यायाचा हुकूम नाकारून बदली सोसशील का? आरोपी आपल्याच मोहल्ल्यातला, आपल्याच नात्यातला असेल, तर सूरह निसाच्या १३५व्या आयतीप्रमाणे न्यायाच्या बाजूने उभा राहशील का? उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असेल, तर दुसरी हलाल रोजी शोधण्यात कमीपणा नाही. उत्तर ‘होय’ असेल, तर त्याला अडवू नका. पोलीस ठाण्यात न्याय मिळत नाही, ही तक्रार करायची आणि न्याय करू शकणाऱ्या मुलाला उंबरठ्यावरच थोपवायचे, हे विसंगत आहे. समाजाचे रक्षण हे फर्ज-ए-किफाया आहे. ते कोणीच केले नाही, तर गुन्हेगार सारेच ठरतात.

प्रत्येकाच्या अंगावर गणवेश चढणार नाही. पण आपल्या वर्कशॉपमधील बाहेर पडण्याच्या दारापुढे माल रचून ठेवणाराही कोणाच्या तरी मुलाला आगीत पाठवीत असतो. ज्याच्या हाती दार आहे, त्याच्याकडेही जिवांची अमानत आहे.

अल्लाह आपल्या मुलांना सामर्थ्य आणि विश्वासूपणा दोन्ही देवो. आमीन.